चुन्याची भट्टी आणि चोवीस इलेक्ट्रॉन

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या तीरावर इनामगाव नावाचे खेडे आहे. पुण्याहून पूर्वेस सुमारे ऐंशी किलोमीटर गेले म्हणजे हे गाव लागते. भोवती काळी जमीन, पाऊस बेताचा, वाऱ्यावर डुलणारी ज्वारी. इतिहासात याचे नाव यावे असे वरवर पाहता येथे काही नाही. ना किल्ला, ना लेणे, ना एखाद्या लढाईची खूण. परंतु १९६८ साली डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी येथील पांढरीच्या टेकाडावर कुदळ घातली आणि पुढे दहा-बारा वर्षांहून अधिक काळ तेथे उत्खनन चालले. डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी या मंडळींनी या कामाला आपल्या आयुष्यातील कर्तबगारीची वर्षे दिली. त्यातून महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांचे एक संपूर्ण गाव उजेडात आले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० असा त्याचा काळ ठरला आणि शंभरांहून अधिक घरांचे अवशेष मिळाले.

आता श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल की, आजचा विषय तर रेणूंच्या आकृत्यांचा आहे. रसायनशास्त्राच्या पुस्तकात अक्षरे, रेघा, ठिपके आणि वाकडे बाण काढलेले असतात, त्यांचा इतिहास सांगण्याचे कबूल करून हे गृहस्थ इनामगावच्या पांढरीवर कशाला जाऊन बसले? त्याला दोन कारणे आहेत, आणि दोन्ही त्या टेकाडातच सापडली आहेत. पहिले कारण घरांच्या भोकांत आहे आणि दुसरे एका भट्टीत.

पहिले कारण असे. तीन हजार वर्षांपूर्वीचे कुडाचे घर आज उभे नसते. लाकूड कुजून जाते, छप्पर नाहीसे होते, भिंतीची माती मातीला मिळते. उरते ती चोपलेली जमीन, चूल, आणि जमिनीत जेथे खांब रोवले होते तेथील गोल भोके. भोकांतली माती भोवतालच्या मातीहून वेगळ्या रंगाची व भुसभुशीत असते. खणणारा माणूस ती भोके एकेक करून कागदावर मांडतो. मग ती एका चौकोनावर बसतात की वर्तुळावर हे पाहतो आणि घराचा नकाशा काढतो. इनामगावात मधल्या काळात घरे प्रशस्त व चौकोनी होती, आणि उत्तरकाळात, दिवस वाईट आले तेव्हा, लहान गोल झोपड्या आल्या, हे आपल्याला अशाच नकाशांवरून कळले. घर कोणी पाहिलेले नाही, पाहिली आहेत ती भोके. या नकाशांत एक शिस्त असते. जेथे भिंत प्रत्यक्ष सापडली तेथे अखंड रेघ काढायची आणि जेथे ती असावी असा केवळ तर्क आहे तेथे तुटक रेघ. ही तुटक रेघ कृपा करून ध्यानात ठेवा. व्याख्यान संपण्यापूर्वी तिची पुन्हा गाठ पडणार आहे.

दुसरे कारण भट्टीचे. या गावाच्या मधल्या भागात सुखवस्तू शेतकऱ्यांची घरे होती आणि पश्चिमेच्या कडेला कारागिरांची वस्ती होती. कुंभार, सोनार, हस्तिदंताचे काम करणारा आणि चुना भाजणारा. होय, चुना भाजणारा. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात चुनखडीचे डोंगर नाहीत, पण काळ्या मातीत आणि ओढ्याकाठी चुनखडीचे पांढुरके खडे मिळतात. ते गोळा करायचे, लाकडाच्या प्रखर विस्तवात भाजायचे, म्हणजे त्यांचा कळीचा चुना होतो. त्यावर पाणी टाकले की तो फसफसतो, तापतो, फुटतो आणि विरून मऊ होतो. तो भुईवर किंवा भिंतीवर सारवला की महिनोन्महिने हवा खात पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. दगडाचा चुना आणि चुन्याचा पुन्हा दगड, असा हा फेरा आहे. इनामगावच्या त्या अनामिक कारागिराला हा फेरा ठाऊक होता. बैलाच्या घाणीत चुना मळणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांनाही तो ठाऊक होता. किती भाजायचे, केव्हा थांबायचे, पाणी टाकताना तोंड कसे मागे घ्यायचे, हे सारे हाताला माहीत होते आणि ते बापाच्या हातून मुलाच्या हाती जात होते. भट्टीत खड्याचे नेमके काय होते, हे मात्र कोणालाही माहीत नव्हते. ते कागदावर काढता येण्यास एकोणिसावे शतक उजाडून विसावेही बरेच सरावे लागले. तो प्रवास आज आपल्याला पाहायचा आहे.

प्रारंभी रसायनशास्त्राजवळ फक्त तराजू होता. चुनखडीचे शंभर भाग पुरे भाजले तर छप्पन्न भाग चुना उरतो आणि चव्वेचाळीस भाग कर्बवायू होऊन हवेत निघून जातो, हे तराजू सांगतो. पण असे का, हे तो सांगत नाही. १८०८ साली इंग्लंडात जॉन डाल्टन यांनी प्रत्येक मूलद्रव्याचे अणू ठराविक वजनाचे असतात असे मांडले आणि त्यांची चित्रे काढली. एकेका अणूला एकेक वर्तुळ, कोणाच्या पोटात ठिपका, कोणाच्या पोटात रेघ, तर कोणाचे वर्तुळ काळे. चित्रे सुबक होती, पण छापखान्याला त्यांचे मोठे संकट वाटे. थोड्याच वर्षांत स्वीडनच्या बर्झेलियस यांनी वर्तुळांऐवजी अक्षरे आणि अणूंच्या संख्येसाठी आकडे वापरण्याची रीत घातली. आज आपण पाण्याला जे सूत्र लिहितो ते मूळ त्यांच्याच रीतीचे. डाल्टनना ही अक्षरे मुळीच रुचली नाहीत. परंतु जगाने अक्षरे उचलली, कारण ती लिहायला सोपी होती आणि हिशेबाला पुरी पडत होती.

तथापि हा हिशेब किराणा मालाच्या यादीसारखा होता. पिशवीत काय काय आहे हे त्यावरून कळे, पण कोण कोणाशेजारी आहे हे कळत नसे. ही अडचण १८५८ साली सुटली. जर्मनीचे केकुले आणि स्कॉटलंडचे कूपर यांनी एकमेकांस न विचारता एकच गोष्ट सांगितली. कार्बनच्या प्रत्येक अणूला चार हात असतात आणि कार्बनचे अणू एकमेकांचे हात धरून साखळी करू शकतात. कूपर यांनी हे हात रेघांनी दाखविले. पण त्यांचा निबंध सभेपुढे येण्यास विलंब झाला, केकुले यांचे नाव आधी झाले, आणि कूपर यांची प्रकृती व मन दोन्ही खचून ते या शास्त्रातून कायमचे उठले. ज्या रेघेवर आज सारे रसायनशास्त्र उभे आहे, ती ओढणारा माणूस असा विस्मृतीत गेला. पुढे १८६४ च्या सुमारास क्रम ब्राउन यांनी एडिंबरोत अक्षर, अक्षराभोवती वर्तुळ आणि वर्तुळांना जोडणाऱ्या रेघा अशा आकृत्या काढल्या. १८६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हॉफमन यांनी क्रोकेच्या खेळातील लाकडी चेंडू काड्यांनी जोडून रेणूंचे नमुने लोकांना दाखविले. कार्बनला काळा, हायड्रोजनला पांढरा, ऑक्सिजनला तांबडा, नायट्रोजनला निळा आणि क्लोरीनला हिरवा असे रंग त्यांनी दिले, आणि आजच्या शाळांतील प्लॅस्टिकच्या नमुन्यांतही तेच रंग आहेत. १८६६ मध्ये फ्रँकलंड यांनी या जोडणीला ‘बंध’ या अर्थाचा शब्द दिला.

आता विचारण्यासारखा प्रश्न असा की, या रेघा खऱ्या कशावरून? रेणू तर कोणीच पाहिला नव्हता. येथे खांबांच्या भोकांसारखाच पुरावा कामी आला. चार कार्बन आणि दहा हायड्रोजन घ्या, कार्बनला चार हात व हायड्रोजनला एक हात द्या, आणि कोणाचाही हात मोकळा राहू न देता कागदावर आकृत्या काढून पाहा. दोनच निघतात. एकीत चार कार्बन ओळीने उभे असतात, तर दुसरीत मधल्या एकाला तिघे बिलगलेले असतात. तिसरी आकृती कितीही डोके खाजविले तरी निघत नाही. आणि प्रयोगशाळेतही या सूत्राचे दोनच वायू मिळतात. एक शून्य अंशाच्या किंचित खाली उकळतो, दुसरा उणे बारा अंशांच्या आसपास. आपल्या स्वयंपाकघरातील गॅसच्या टाकीत या दोघांचेही अंश असतात. पाच कार्बन घेतले तर कागदावर तीन आकृत्या येतात, आणि निसर्गातही तीनच पदार्थ मिळतात. अशी उत्तरे शेकडो वेळा जुळली, तेव्हा रेघेवर विश्वास बसला. तो विश्वास डोळ्यांनी दिलेला नव्हता, मोजणीने दिलेला होता.

सर्वांनीच तो मानला असे मात्र नाही. १८७४ साली बावीस वर्षांच्या व्हान्ट हॉफने, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे फ्रान्सच्या ल बेल यांनी, कार्बनचे चार हात कागदाच्या पातळीत नसून अवकाशात चार दिशांना पसरलेले असतात असे सांगितले. तेव्हा लाइपझिगचे कोल्बे हे थोर रसायनज्ञ संतापले. १८७७ साली त्यांनी या तरुणाची जाहीर टवाळी केली, आणि तो पशुवैद्यकाच्या शाळेत शिकवतो हेही काढून दाखविले. कोल्बे यांना आपण आज हसतो, पण त्यांच्या रागात तथ्याचा एक अंश होता. न दिसणाऱ्या गोष्टीची चित्रे काढण्याची चटक लागली की माणूस चित्रालाच वस्तू समजू लागतो, ही त्यांची भीती होती. पुढे रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली व्हान्ट हॉफ यांनाच मिळाले आणि वाद मिटला. भीती मात्र मिटण्यासारखी नव्हती. ती आपल्या वर्गांतून आजही जिवंत आहे, तिच्याकडे मी शेवटी येईन.

इतके होऊनही रेघ म्हणजे काय, हे कोणी सांगू शकत नव्हते. दोन अणूंना धरून ठेवणारा हा हात कशाचा बनलेला आहे? १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला. ऋण विद्युत्भाराचा हा कण प्रत्येक अणूत असतो. आणि येथे या कथेत गिल्बर्ट न्यूटन लुइस हे नाव येते. ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, त्याच साली अमेरिकेत या माणसाचा जन्म झाला. १९०२ साली हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांना शिकविताना त्यांनी टिपणाच्या कागदावर घनाकृती पेट्या काढल्या आणि प्रत्येक पेटीच्या आठ कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन बसविले. अणूच्या बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन झाले की तो तृप्त होतो, अशी ती कल्पना होती. ती चौदा वर्षे त्यांच्याजवळ राहिली. १९१६ साली बर्कली येथून त्यांनी निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यात रेघेचे रहस्य एका ओळीत सांगण्यासारखे होऊन बसले. रेघ म्हणजे दोन अणूंनी सामाईक ठेवलेली दोन इलेक्ट्रॉनांची जोडी. त्यांनी रेघेच्या जागी दोन ठिपके काढले. दोन शेतांच्या मधला बांध जसा दोन्ही शेतकऱ्यांच्या हिशेबात धरावा, तशी ही जोडी दोन्ही अणूंच्या आठांत मोजायची. १९१९ साली लँगम्यूर यांनी या विचाराला व्याख्यानांतून प्रसिद्धी दिली आणि ‘सहसंयुजा’ हे नाव रूढ केले. लुइस यांचे नाव नोबेलसाठी अनेकदा सुचविले गेले, पण ते पारितोषिक त्यांना कधीच मिळाले नाही. १९४६ साली ते आपल्या प्रयोगशाळेतच मृत्यू पावले.

आता लुइस यांचे ठिपके घेऊन आपण इनामगावच्या भट्टीकडे जाऊ. श्रोत्यांनी मनातल्या मनात बेरीज करावी, याहून अधिक गणित लागणार नाही. चुनखडीत दोन भागीदार आहेत. एक कॅल्शियम, आणि दुसरा एक कार्बन व तीन ऑक्सिजन यांचा गट, ज्याला कार्बोनेट म्हणतात. कार्बनच्या बाहेरच्या कवचात चार इलेक्ट्रॉन, प्रत्येक ऑक्सिजनच्या कवचात सहा, म्हणजे तिघांचे अठरा. चार आणि अठरा, बावीस झाले. कॅल्शियम आपले बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन या गटाला देऊन टाकतो. एकूण चोवीस. आता मध्यभागी कार्बन ठेवा आणि तीन बाजूंना तीन ऑक्सिजन. चोवीस ठिपक्यांच्या बारा जोड्या होतात. त्या अशा वाटायच्या की प्रत्येकाभोवती आठ भरावेत. तीन ऑक्सिजनांना कार्बनशी जोडण्यात तीन जोड्या गेल्या तरी कार्बनभोवती सहाच होतात. म्हणून एका ऑक्सिजनशी आणखी एक जोडी सामाईक करून तेथे दुहेरी रेघ काढावी लागते. उरलेल्या आठ जोड्या ऑक्सिजनांवर बसतात, दुहेरी रेघेच्या ऑक्सिजनवर दोन आणि इतर दोघांवर तीन-तीन. प्रत्येकाचे आठ पुरे झाले. चोवीसपैकी एकही ठिपका उरला नाही, एकही उसना घ्यावा लागला नाही.

हिशेब बिनचूक आहे. परंतु आकृती खोटी आहे. खोटी अशी की, तीनपैकी एका ऑक्सिजनला दुहेरी रेघ देऊन आपण त्याला कार्बनच्या अधिक जवळ बसविला. कोणाला बसविला? वरच्याला, डाव्याला की उजव्याला? आपण ठिपके जसे मांडले तसा. स्फटिकांतून क्ष-किरण पाठवून त्यांची अंतर्रचना मोजण्याची विद्या ब्रॅग पिता-पुत्रांनी काढली, आणि १९१४ साली धाकट्या ब्रॅग यांनी चुनखडीच्या स्फटिकाचीही मांडणी उलगडली. एक सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागाला अँगस्ट्रॉम म्हणतात. कार्बन व ऑक्सिजन यांच्यातील एकेरी बंध साधारण १.४३ अँगस्ट्रॉम लांब असतो आणि दुहेरी बंध १.२ च्या आसपास. चुनखडीत मात्र तिन्ही अंतरे सारखी, सुमारे १.२८ भरतात. निसर्गाने तिघा भावांत भेद केलेला नाही, भेद आपल्या लेखणीने केला आहे. १९३० नंतरच्या दशकात लायनस पाउलिंग यांनी यावर तोड काढली. अशा वेळी तीन आकृत्या काढाव्या, प्रत्येकीत दुहेरी रेघ वेगळ्या ऑक्सिजनला द्यावी, आणि खरा रेणू या तिन्हींच्या मधला, एकच एक आहे असे समजावे. तो आळीपाळीने तीन रूपे घेतो असे मात्र समजू नये. आणि ज्यांना तीन आकृत्यांचा कंटाळा येतो ते एकच आकृती काढतात, तीत तिन्ही बाजूंना एकेक अखंड रेघ आणि तिच्या जोडीला एकेक तुटक रेघ. श्रोतेहो, उत्खननाच्या नकाशातील ती तुटक रेघ येथे पुन्हा भेटली. जेथे आपली लेखणी पुरी पडत नाही तेथे रसायनज्ञही ती प्रामाणिकपणे तोडतो.

आता भट्टी पेटवू. आकृतीत आतापर्यंत सारे स्वस्थ बसलेले होते. रसायनशास्त्राचा खरा प्रश्न तर बदलाचा आहे. कोण सुटतो, कोण जडतो? त्यासाठी १९२२ साली रॉबर्ट रॉबिन्सन यांनी आपल्या सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात वाकडा बाण आणला. बाणाची शेपटी जेथे इलेक्ट्रॉनांची जोडी आज आहे तेथे ठेवायची आणि टोक जेथे ती जाणार तेथे. नियम एवढाच. चुनखडीवर असे दोन बाण काढा. पहिला बाण एका ऑक्सिजनवरील मोकळ्या जोडीतून निघून त्याच्या व कार्बनच्या मध्ये येतो, तेथे एकेरी रेघेची दुहेरी होते. पण मग कार्बनभोवती दहा होतील, म्हणून दुसरा बाण दुसऱ्या ऑक्सिजनच्या रेघेतून निघून त्या ऑक्सिजनवर जातो आणि रेघ तुटते. आता मोजा. एक कार्बन, दोन ऑक्सिजन, दोन्ही बाजूंना दुहेरी रेघ. इलेक्ट्रॉन किती? सोळा. हा कर्बवायू, तो भट्टीच्या तोंडातून निघून गेला. मागे राहिलेल्या ऑक्सिजनजवळ आठ, आणि शेजारी दोन देऊन बसलेला कॅल्शियम. हा कळीचा चुना. सोळा आणि आठ, चोवीस. घन स्फटिकात प्रत्यक्ष घडणारी क्रिया याहून गुंतागुंतीची असते हे खरे, पण हिशेब हाच. भिंतीवरचा चुना हवेतील कर्बवायू घेऊन पुन्हा घट्ट होतो तेव्हा बाण उलटे फिरतात. पाण्यातून आलेल्या ऑक्सिजनवरील जोडी कार्बनला जाऊन भिडते आणि चोवीसचा गट पुन्हा जमतो. इनामगावच्या कारागिराचा तो सारा फेरा अशा रीतीने पोस्टकार्डाच्या अर्ध्या भागावर मावतो.

हा वाकडा बाण महाराष्ट्रात कसा आला, हाही इतिहासच आहे. रॉबिन्सन यांच्या हाताखाली मँचेस्टरला शिकलेल्या विद्यार्थ्यांत मद्रासकडील कृष्णस्वामी वेंकटरामन हे एक होते. परत आल्यावर काही वर्षे लाहोरला अध्यापन करून १९३४ साली ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आले. हा विभाग आदल्याच वर्षी निघाला होता. मुंबईत कापडाच्या गिरण्या होत्या, त्यांना रंग हवे होते आणि रंग परदेशांतून येत. १९३८ साली वेंकटरामन या विभागाचे प्रमुख झाले. तेथे बसून त्यांनी कृत्रिम रंगांच्या रसायनावर जो ग्रंथ लिहिला त्याचे पहिले दोन खंड १९५२ साली निघाले, आणि जगभरचे रंगरसायनज्ञ तो प्रमाण मानू लागले. एका रेणूच्या पोटातच अणूंचा एक गट एका जागेवरून दुसरीकडे सरकतो, अशा एका क्रियेला बेकर यांच्या जोडीने त्यांचे नाव आहे, आणि पाठ्यपुस्तकांत ती वाकड्या बाणांनीच समजावून दिली जाते. इकडे पुण्यात पाषाणच्या माळावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी राहिली होती. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. पहिले दोन संचालक परदेशी होते, आणि १९५७ साली वेंकटरामन हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले.

कोणी म्हणेल, बाण काढल्याने पोट भरते काय? त्याचे उत्तर पुढच्या पिढीने दिले. १९७० साली देशात नवा पेटंट कायदा झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. औषधाच्या रेणूवर कोणाची मक्तेदारी राहिली नाही, ती राहिली फक्त रेणू बनविण्याच्या रीतीवर. याचा अर्थ असा की, त्याच रेणूपाशी जाणारी दुसरी वाट ज्याला सापडेल त्याला तो बनविण्याची मोकळीक होती. अशी वाट आधी कागदावरच शोधावी लागते. कोणती रेघ आधी तोडायची, कोणती नंतर जोडायची, कोणता अणू मध्येच आडवा येईल, हे बाण काढून पाहायचे आणि मग पात्र तापवायचे. माटुंग्याच्या त्या विभागात शिकलेले आणि पाषाणला वेंकटरामन यांच्या हाताखाली संशोधन केलेले ए. व्ही. रामाराव हे अशा वाटा शोधणाऱ्यांपैकी एक. पुढे हैदराबादला गेल्यावर त्यांच्या देखरेखीखाली एड्सवरील पहिले औषध येथे बनविण्याची रीत सिद्ध झाली, आणि मुंबईच्या सिप्ला कंपनीने १९९० च्या दशकाच्या आरंभी ते औषध बाजारात आणले. २००१ साली त्याच कंपनीने एड्सची तीन औषधे मिळून वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. तोवर श्रीमंत देशांत या उपचाराला वर्षाकाठी दहा हजार डॉलरहून अधिक लागत. १ जानेवारी २००५ पासून कायदा पुन्हा बदलला आणि रेणूवरही पेटंट मिळू लागले. परंतु मधल्या तीस-बत्तीस वर्षांत जे मिळाले ते ज्यांना दुसरी वाट काढता आली त्यांनाच मिळाले. नुसती आकृती पाठ असलेल्याला ते साधले नसते.

आणि कोल्बे यांच्या भीतीचा प्रश्न येथेच येतो. ही आकृती वस्तू नव्हे. इलेक्ट्रॉन ठिपक्यासारखा एका जागी बसून राहत नाही. १९२७ साली हाइटलर व लंडन यांनी नव्या पुंजयामिकीच्या आधारे दाखविले की, दोन अणूंमधील जोडी ही दोन्ही अणुकेंद्रांभोवती पसरलेल्या ढगासारखी असते. जो विद्यार्थी ठिपक्यालाच इलेक्ट्रॉन मानतो त्याने खांबाच्या भोकालाच घर मानले. पण जो म्हणतो की, ठिपके खोटे आहेत, सबब आकृती टाकून द्या, तोही चुकतो. २००९ साली झुरिकजवळ आयबीएमच्या प्रयोगशाळेत एका अतिसूक्ष्म सुईच्या टोकावर कर्बवायूचा धाकटा भाऊ जो कार्बन मोनॉक्साइड, त्याचा एकच रेणू बसवून पेंटासीन नावाच्या रेणूवरून ती सुई फिरविण्यात आली. जे चित्र उमटले त्यात पाच षट्कोन शेजारी शेजारी ओळीने उभे होते. एकोणिसाव्या शतकातील माणसांनी तराजू आणि मोजणी यांच्या बळावर काढलेल्या रेघा जेथे असायला हव्या होत्या, बरोबर तेथेच त्या होत्या. दीडशे वर्षे ज्यांना केवळ भोके दिसत होती त्यांना एक दिवस घरच दिसावे, तसे हे झाले.

आपल्या शाळांतून ही विद्या कशी शिकवली जाते याकडे मात्र आपण पाहिले पाहिजे. परीक्षेत कार्बोनेटची आकृती काढा असा प्रश्न येतो. मुलगा ती पाठ करून आलेला असतो, ठिपके पुस्तकात होते तेथेच काढतो आणि त्याला गुण मिळतात. चोवीसच का, तेविसावर का भागत नाही, दुहेरी रेघ उजवीकडेच का काढली, हे त्याला कोणी विचारत नाही. हे विचारले नाही तर आकृती ही देव्हाऱ्यातल्या तसबिरीसारखी होते. तिला नमस्कार करता येतो, तिच्याकडून काम करून घेता येत नाही. याउलट ज्याने एकदा स्वतः मोजून चोवीस ठिपके वाटले आणि बाण काढून सोळा व आठ वेगळे केले, तो मुलगा पुढे कधीही न पाहिलेल्या रेणूसमोर बसला तरी घाबरत नाही. त्याच्या हाती एक नियम आला आहे, आणि तो नियम परमुलखातल्या रेणूलाही तसाच लागू पडतो.

इनामगावचे पुढे काय झाले हे आपल्याला ठाऊक आहे. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊसमान घटले, शेती खालावली, प्रशस्त घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, आणि सुमारे ७०० च्या आसपास गाव ओस पडले. गाव उठते तेव्हा भट्टीही विझते, आणि हाताची विद्या ज्या हातांत असते त्यांच्याबरोबर निघून जाते. चुना भाजण्याची कला जगात इतरत्र टिकली, पुन्हा इकडे आली, तो भाग निराळा. परंतु त्या माणसाला जे कळले होते ते त्याने कोठेही मांडून ठेवलेले नव्हते. आपल्याला त्याची भट्टी मिळाली, त्याचे बोलणे मिळाले नाही. हातातील कसब कागदावर आणणारी ही रेघ, हे ठिपके आणि हा वाकडा बाण त्याच्यानंतर तीन हजार वर्षांनी आले. एडिंबरो, बर्कली, मँचेस्टर, माटुंगा, पाषाण अशा मजला करीत ते आपल्या मुलांच्या वहीपर्यंत पोहोचले आहेत. आज घरी गेल्यावर मुलाला किंवा नातीला एवढेच सांगा की, पुस्तक मिटून चुनखडीची आकृती काढ आणि इलेक्ट्रॉन मोज. चोवीस भरले तर पुढचा प्रश्न विचारा, दुहेरी रेघ तू नेमकी तेथेच का काढलीस? मूल जर क्षणभर थांबले आणि ती रेघ खोडून तेथे तुटक रेघ काढू लागले, तर त्याला आकृती कळली असे खुशाल समजा.